कॉट, डबा आणि मोरी: भाड्याच्या खोलीतल्या ढेकूण, झुरळं, उंदरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरचा ट्यूशन एरिया, संभाजीनगरात विद्यापीठाच्या आसपासचा भाग, नांदेडचं भाग्यनगर-श्रीनगर. सगळीकडे चित्र एकच: एक खोली, तीन-चार कॉट, भिंतीला टेकवलेल्या बॅगा, मेसचे डबे आणि कोपऱ्यात पाण्याचा ड्रम. पुढची उत्तरं अशा खोल्यांसाठी आहेत. वसतिगृहातही बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

सकाळी उठल्यावर हातावर गांध्या दिसतात. डास असतील का ढेकूण?

नुसत्या गांध्या बघून डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. त्यापेक्षा गादी तपासा. मोबाइलचा टॉर्च लावून चार जागा बघा: गादीच्या कडेची शिवण, कॉटच्या पट्ट्या जिथे वेल्डिंग करून जोडल्यात तो सांधा, उशाकडच्या भिंतीवरचा खिळा किंवा कॅलेंडरची मागची बाजू, आणि कॉटला लागून असलेल्या स्विच बोर्डाची कड. ढेकूण असतील तर बारीक काळे ठिपके दिसतील, पेनाची शाई टेकल्यासारखे. ओलं कापड फिरवल्यावर ठिपका तपकिरी होऊन पसरला, तर ती ढेकणाची विष्ठा आहे. शेजारी फिकट पिवळी कातही सापडते. मोठा ढेकूण ५ ते ७ मिलिमीटरचा, चपटा आणि तांबूस असतो. अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं, पांढरं आणि चिकटलेलं असतं, त्यामुळे झटकून पडत नाही.

ठिपके नाहीत, ढेकूणही नाही, पण रात्री खाज थांबत नाही.

बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, कमरेच्या नाड्याखाली खाजत असेल तर खरूज असण्याची शक्यता जास्त. खरजेचा किडा कातडीच्या आत राहतो. खोलीत कितीही फवारा, त्याला काही होत नाही. त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. बहुधा ५ टक्के परमेथ्रिनचं मलम देतात. ते मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत लावून ८ ते १४ तास ठेवायचं आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसलेल्यानेही. एकाने लावलं आणि तिघांनी नाही, तर पंधरा-वीस दिवसांत खरूज परत येते आणि दोष मलमाला जातो.

आम्ही रोज झाडतो, पुसतो. मग ढेकूण आले कुठून?

स्वच्छतेचा आणि ढेकणाचा फारसा संबंध नाही. त्याला खरकटं नको, माणसाचं रक्त हवं. तो सामानातून येतो: आधीच्या मुलाने सोडलेली गादी, जुन्या बाजारातली लाकडी खुर्ची, एसटीतून किंवा रेल्वेतून आलेली बॅग, सुट्टीत गावी नेऊन परत आणलेली वळकटी. म्हणून जून-जुलैत नवे प्रवेश झाले की तक्रारी वाढतात. ज्याच्या कॉटवर सापडले त्याला घाणेरडा ठरवून वेगळं पाडलं, तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही, आणि तोवर ढेकूण चारही कॉटवर पोचलेले असतील. ढेकूण रोग पसरवतो याचा पुरावा नाही. झोपेचं खोबरं मात्र करतो.

सध्या एकाच कॉटवर आहेत. तेवढ्याच कॉटवर स्प्रे मारला तर?

बाकीच्या कॉटवरही होतील. डब्यातले घरगुती स्प्रे बहुधा पायरेथ्रॉइड गटातले असतात आणि बऱ्याच ठिकाणच्या ढेकणांना ते आता पचतात. मरत नाहीत, पण बिचकून फटीत शिरतात नाहीतर शेजारच्या कॉटकडे निघतात. शिवाय अंड्यावर स्प्रेचा परिणाम जवळपास होतच नाही. ज्या गादीवर तोंड टेकून झोपायचं, तिच्यावर झुरळाचा स्प्रे मारू नये हे वेगळं सांगायला नको.

मग नेमकं काय करायचं?

एक रविवार ठरवा. खोलीतले सगळे हजर हवेत. शेजारच्या खोलीतही ढेकूण असतील तर तिथेही त्याच दिवशी.

आधी कपडे. चादरी, उशांचे अभ्रे, अंगावरचे आणि कपाटातले कपडे जागेवरच प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधा. खोलीभर ओढत नेऊ नका, वाटेत ढेकूण आणि पिल्लं सांडतात. ज्यांना चालतं ते कपडे हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात (साधारण ६० अंश) अर्धा तास बुडवा, मग नेहमीसारखे धुवा. धुतलेले कपडे नव्या पिशवीत बांधून ठेवा, जुन्या पिशवीत नाही.

मग कॉट. लोखंडी कॉट गच्चीवर न्या आणि उकळतं पाणी सांध्यांवर, नटबोल्टवर, पट्ट्यांच्या कडांवर सावकाश ओता. एका कॉटला ४-५ लिटर लागतं. पायात चप्पल असू द्या आणि किटली एकानेच धरा, घाईत भाजतं. इथे एक जागा हमखास राहून जाते. कॉटचे पाय पोकळ पाइपचे असतात आणि खालचं रबरी बूच हरवलेलं असतं. त्या पोकळीत शंभर-दीडशे ढेकूण आरामात राहतात. कॉट उलटी करून प्रत्येक पायात पाणी ओता, वाळू द्या आणि तोंड एम-सीलने बुजवा. डोक्याकडच्या आडव्या पाइपचीही टोकं बघा. लाकडी पलंग असेल तर स्क्रू काढून भोकं तपासावी लागतात, आणि प्लायवूडच्या चिरलेल्या कडेत पाणी पोचत नाही. तिथे औषध मारणारा माणूसच लागतो.

नंतर खोली. कॉट होती तिथली भिंत, फरशीच्या कडेची पट्टी, खिळ्यांची भोकं. फटीत आधी ताठ ब्रश फिरवा, मग पांढरं सिमेंट किंवा पुट्टी भरा. स्विच बोर्डात पाणी किंवा ओला फडका घालू नका. व्हॅक्यूम क्लीनर मिळाला तर गादीच्या शिवणीवरून फिरवा आणि आतली पिशवी लगेच बांधून बाहेर टाका.

परत मांडताना कॉट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा आणि चादर जमिनीला टेकू देऊ नका. कॉटखाली बॅगा कोंबायच्या नाहीत.

हे सगळं दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान परत करायचं. अंडी ६ ते १० दिवसांत फुटतात. पहिल्या रविवारी वाचलेल्या अंड्यांतली पिल्लं तोवर बाहेर आलेली असतात, पण वयात येऊन अंडी घालायला त्यांना अजून महिनाभर लागतो. दुसरी फेरी त्या मधल्या काळात झाली पाहिजे. बहुतेक खोल्या इथेच हरतात. पहिल्या रविवारनंतर आठवडाभर शांत झोप लागते आणि दुसऱ्या फेरीला कोणी उठत नाही.

आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन! गादी गच्चीवर टाकली की मरतील ना?

अर्धवट. ४८ अंशाला मोठा ढेकूण साधारण २० मिनिटांत मरतो, अंड्याला त्याच तापमानात तासाहून जास्त लागतो. ५० च्या वर दोन्ही झटपट मरतात. गच्चीचा स्लॅब एवढा तापतो खरा, पण कापसाची गादी जाड असते. वर चटका बसतो, आतला कापूस कोमटच राहतो, आणि ढेकूण सरकत सावलीच्या बाजूला जातो. संध्याकाळी तुम्ही त्याला गादीसकट खाली आणता. ऊन कपड्यांना, पातळ चादरींना आणि रिकाम्या बॅगांना उपयोगी आहे. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत किलो-दोन किलो कपडे सैल भरा, तोंड बांधा, सकाळी दहा ते चार तापत्या स्लॅबवर ठेवा आणि दुपारी एकदा पालथी करा.

कॉटच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी पद्धत चालते का?

थोडीफार. आपल्याकडच्या उष्ण हवेतल्या ढेकणाची जात गुळगुळीत प्लास्टिकवरही चांगली चढते, म्हणून कोरडी वाटी कामाची नाही. साबणाचं पाणी ठेवा, तीन दिवसांनी बदला, नाहीतर ढेकूण जाऊन डास व्हायचे.

गादी फेकून द्यावी का?

फाटलेली, आतून ठिपके पडलेली असेल तर हो. पण फेकण्याआधी ब्लेडने दोन-तीन ठिकाणी फाडा आणि वर मार्करने "ढेकूण" लिहा. नाहीतर संध्याकाळपर्यंत ती दुसऱ्या कोणाच्या तरी खोलीत पोचलेली असते.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं तर काय विचारायचं?

परवाना आहे का, औषधाचं नाव काय, दुसरी फेरी दरात धरली आहे का, आणि किती तासांनी खोलीत यायचं. ढेकणासाठी एकच फेरी सांगणाऱ्याला परत पाठवा. बाटलीवरचं लेबल दाखवायला जो टाळतो त्यालाही. लेबलवरच्या चौकोनात रंग असतो: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. झोपायच्या खोलीत लाल किंवा पिवळ्या रंगाची बाटली नको.

झुरळं लहान आणि मोठी अशी दोन प्रकारची दिसतात. उपाय वेगळा असतो का?

हो, आणि हे ओळखलं की अर्धं काम होतं. बोटाच्या पेराहून लहान, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेलं झुरळ घरातच राहतं: गॅसच्या कट्ट्याखाली, फ्रिजच्या मोटरजवळ, मिक्सरच्या बुडात, मेसच्या डब्याच्या कापडी पिशवीत. मादी अंड्यांची पिशवी पिल्लं निघेपर्यंत अंगाला लावूनच फिरते, आणि एका पिशवीत ३० ते ४० अंडी असतात. दीड इंचाचं तांबडं झुरळ मात्र ड्रेनेजमधून येतं. लहानाला झुरळं मारायचं जेल लावायचं, मोठ्याचा रस्ता बंद करायचा.

जेल लावलं, काहीच फरक पडला नाही.

बहुतेक वेळा लावण्यात चूक असते. टूथपेस्टसारखी रेघ ओढायची नसते. मसुरीच्या दाण्याएवढे ठिपके, एका छोट्या कट्ट्याला वीस-पंचवीस, बिजागरीजवळ, कट्ट्याच्या खालच्या कडेला, फ्रिजच्या मागे. आधी तेलकटपणा पुसून जागा कोरडी करा, धुळीवर आणि तेलावर जेल टिकत नाही. आणि सगळ्यात मोठी चूक: जेल लावून दुसऱ्या दिवशी स्प्रे मारणं किंवा त्यावरून फिनाइल पुसणं. वासाने झुरळ जेलकडे फिरकतच नाही. जेल खाल्लेलं झुरळ लपायच्या जागी जाऊन मरतं आणि त्याची विष्ठा खाऊन बाकीची मरतात, त्यामुळे आठवडाभर थांबा. महिन्याने पुन्हा एकदा लावा.

हाताशी पैसे कमी असतील तर बोरिक पावडर. कॅरमवर टाकतात तीच. कणीक आणि बोरिक पावडर सारखी, चमचाभर साखर, पाण्यात मळून बोराएवढ्या गोळ्या. उन्हाळ्यात पंधरा दिवसांत दगड होतात, तेव्हा बदला. गोळ्या कणकेच्या गोळ्यासारख्याच दिसतात, त्यामुळे स्वयंपाकाच्या भांड्यात मळू नका आणि घरमालकाचं लहान मूल खोलीत येत असेल तर हा उपाय सोडाच.

आणि मेसचा डबा रात्री उष्टा ठेवायचा नाही. विसळायला पाणी नसेल तर निदान झाकण घट्ट लावून बाहेर ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीवरून आलो की मोरीतून मोठी झुरळं निघतात. का?

मोरीच्या जाळीखाली वाकडा पाइप असतो, त्यात पाणी साचून राहतं आणि तेच ड्रेनेजचं झाकण असतं. दोन-तीन आठवडे पाणी पडलं नाही की ते आटतं आणि रस्ता मोकळा होतो. गावी निघताना मोरीत आणि संडासात एक-एक तांब्या पाणी ओता, मोरीत वरून दोन चमचे खोबरेल किंवा गोडं तेल टाका. तेलाचा तवंग पाणी उडू देत नाही. जाळीवर उलटी वाटी आणि वर वीट.

उंदीर चार्जरची वायर कुरतडतोय. आत कुठून येतो?

पेन्सिल जिथे शिरते तिथून लहान उंदीर शिरतो, त्याला ६-७ मिलिमीटर पुरतात. दाराखालची फट, खिडकीच्या एसी-केबलचं भोक, सिंकच्या पाइपभोवतीची मोकळी जागा बघा. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे: काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, जोत्याला भेगा पडतात आणि तळमजल्याच्या खोलीत फरशी भिंतीपासून सुटते. घुशी तिथूनच वर पोखरतात. भोक नुसत्या सिमेंटने बुजवलं तर ओलं असतानाच उकरतात. आधी भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी दाबून भरा, त्यावर सिमेंट. दाराखाली पत्र्याची पट्टी.

पिंजरा खोलीच्या मधोमध ठेवू नका. उंदीर भिंतीला घासत चालतो, पिंजऱ्याचं तोंड त्याच्या वाटेवर हवं. आमिष म्हणून भाकरीच्या तुकड्यावर शेंगदाण्याची चटणी दाबून लावा, सुटा शेंगदाणा तो अलगद पळवतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला दोन-तीन दिवस बिचकतो. तोवर पिंजरा उघडा, न लावता, आमिषासह राहू द्या.

लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी शिंपडून दहा मिनिटांनी कागदाने उचला. चावला तर साबणाच्या वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुऊन दवाखाना गाठा.

उंदराचं विष किंवा गोंदाचा पॅड सोपा नाही का?

विष नको. झिंक फॉस्फाइड आणि पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यांच्यावर उतारा नाही, आणि चार मुलांच्या, ताणाच्या दिवसांत जागणाऱ्या खोलीत असली वस्तू नसलेलीच बरी. शिवाय विष खाल्लेला उंदीर माळ्यावर मरतो आणि वास आठवडाभर तुमच्या डोक्यावर. गोंदाच्या पॅडवर उंदीर तासन्‌तास तडफडतो, आणि त्यावर पाल, चिमणीही चिकटते. पिंजराच बरा.

घरून ज्वारी, गहू, डाळ आणतो. महिन्याभरात किडे होतात. आई धान्यात टाकायची गोळी देऊ म्हणते.

गोळी आणू नका. यात तडजोड नाही. कणगीत टाकतात ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सोडते. बंद खोलीत धान्याच्या पोत्याशेजारी झोपलेली माणसं त्याने दगावलेली आहेत. कायद्यानेही ती प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीशिवाय वापरता येत नाही. धान्यासोबत गोळी आलीच असेल आणि लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास, मळमळ, छातीत जडपणा जाणवला, तर दारं-खिडक्या उघडत सगळे बाहेर पडा आणि १०८ ला फोन करा. संभाजीनगरला घाटी रुग्णालय, तसंच लातूर, नांदेड आणि अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं रात्रीही उघडी असतात.

धान्यच कमी आणा, महिन्याला पुरेल एवढं. काळ्या ताडपत्रीवर पातळ पसरून चार-पाच तास कडक ऊन द्या, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम भरलंत तर डब्यात घाम सुटून बुरशी येते. डाळीला किलोमागे चहाचा एक चमचा एरंडेल चोळा.

शेतातलं थोडं औषध आणून फवारलं तर?

नाही. शेताचं औषध उघड्या वाऱ्यासाठी असतं, दहा बाय बाराच्या खोलीसाठी नाही. सापासाठी म्हणून कोपऱ्यात टाकलेलं थिमेट (फोरेट) आणि नुवान नावाने ओळखलं जाणारं डायक्लोरव्हॉस यांच्यावर तर २०२० च्या अखेरपासून देशात बंदी आहे. घरी जुनी बाटली पडून असेल, ती तिथेच राहू द्या.

नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. ड्रम भरून ठेवावाच लागतो. डासांचं काय?

डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाण्याची पाळीही तेवढीच, त्यामुळे आपला ड्रम त्याला अगदी सोयीचा. झाकण बहुधा वाकलेलं असतं. त्याखाली जुनी सुती ओढणी किंवा धोतर ताणून सुतळीने बांधा. नवं पाणी भरण्याआधी ड्रम आतून काथ्याने घासा, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. नुसतं विसळून जात नाहीत. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण सुकवा, सीझन संपला की वाळ्याच्या जाळ्या काढून फेका. वापराच्या मोठ्या हौदासाठी मनपाच्या हिवताप विभागाकडे गप्पी मासे मागा.

मुंग्या?

साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत, आणि रांग साबणाच्या पाण्याने पुसा म्हणजे वासाची वाट तुटते. बाकी मुंग्यांसाठी औषधाच्या भानगडीत पडू नका.

गावाकडच्या किंवा शहराच्या कडेच्या खोलीत विंचू निघतो.

पावसाच्या सुरुवातीला बूट झटकून घाला, कॉट भिंतीपासून दूर, दाराशी विटा-लाकडं रचू नका. लाल विंचू चावला, घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर मंत्र-उतारा करण्यात वेळ घालवू नका, सरकारी दवाखाना गाठा. या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध लागू पडतं हे दाखवून देणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे आपल्याच जालना जिल्ह्यातले.

रूम मालक म्हणतात, "तुम्हीच आणले, तुम्हीच बघा."

कोणी आणले हा वाद कधीच सुटत नाही. ड्रेनेज, भोकं, भेगा मालकाच्या, खरकटं आणि सामान तुमचं, ढेकणाचा खर्च अर्धा-अर्धा, असं बोलून घ्या आणि ११ महिन्यांच्या करारात एक ओळ लिहून घ्या. सांगताना फोनवर नको, फोटोसह लिहून पाठवा:

"काका, नमस्कार. ३ नंबरच्या खोलीत चारही कॉटवर ढेकूण झालेत, फोटो पाठवतोय. शेजारच्या दोन खोल्यांतही आहेत. रविवारी आम्ही कॉट धुवून फटी बुजवतोय. औषध मारणाऱ्याला त्याच दिवशी तिन्ही खोल्यांसाठी बोलवाल का? एकाच खोलीत मारलं तर महिन्याने परत खर्च येईल."

शेवटचं वाक्य मालकाला सगळ्यात लवकर पटतं.

खोली बदलतोय. ढेकूण सोबत येऊ नयेत म्हणून काय करू?

पुठ्ठ्याची खोकी सोडा, पन्हळींमध्ये अंडी दडतात. पुस्तकांचे पुठ्ठे आणि बांधणीचा कणा टॉर्चने बघा, बॅगेच्या चेनची शिवण आणि चाकांची भोकं बघा, कपडे पिशव्यांत बांधून न्या. आणि नव्या जागी टेम्पोतून काहीही उतरवण्याआधी तिथली रिकामी कॉट उलटी करून पायांची तोंडं तपासा. काळे ठिपके दिसले, तर टोकन देण्याआधी मालकाला दाखवा.